लाल बाटली कुठे बसवाल?

दोस्तांनो, १३ नोव्हेंबर २०२४ या दिवशी आपल्या जळगाव शहरात एक गाडी जळाली, पार कोळसा झाली, पण माणसं मात्र सगळी वाचली. एरंडोलच्या सरकारी दवाखान्यातून एक रुग्णवाहिका जळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे चालली होती. आत एक गरोदर बाई आणि तिच्या घरची माणसं. दादावाडीजवळ महामार्गाच्या उड्डाणपुलावर गाडी आली, तेव्हा चालकाला इंजिनातून धूर येताना दिसला. त्याने गाडी थांबवली. आतल्या सगळ्यांना खाली उतरवलं. आजूबाजूच्या लोकांनाही लांब व्हायला सांगितलं. थोड्याच वेळात गाडीने पेट घेतला आणि आतलं ऑक्सिजनचं सिलिंडर फुटलं. स्फोट एवढा मोठा, की आसपासच्या घरांच्या खिडक्यांची तावदानं फुटली! पण तोवर गाडीजवळ कोणी उरलंच नव्हतं.

ही बातमी मी चौथीच्या वर्गात सांगितली आणि विचारलं, "गाडीला आग लागली तर पहिलं काम कोणतं?" मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मॅडम, आधी पयायचं!" आमच्या फैजपूरकडच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो बरं का. पळायचं म्हणजे पयायचं, केळी म्हणजे केयी. बोली कोणतीही असो, उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पण मग एका मुलीने उलटा प्रश्न टाकला. "पळायचंच असेल, तर एसटीत ड्रायव्हरजवळ ती लाल बाटली कशाला ठेवतात?"

प्रश्न खरंच चांगला आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, आग लहान असते तेव्हा ती बाटली फार मोठं काम करते, आणि आग मोठी झाली की तिचा काहीच उपयोग नसतो. मधला काळ असतो जेमतेम मिनिटभराचा. म्हणून बाटली कोणती घ्यायची याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व आहे ती कुठे बसवायची याला. आपल्याकडे बहुतेक जण इथेच गडबड करतात. वर्गात ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना विचारलं, तर कोणी म्हणालं बाटली डिकीत आहे, कोणी म्हणालं सीटखाली कुठेतरी असेल. आणि एक जण म्हणाला, "ती घरी कपाटात आहे, नवी आहे ना, गाडीत खराब होईल म्हणून!"

हा लेख वाचताना आई-बाबांनाही जवळ बसवा. बाटली विकत आणणं आणि बसवणं हे त्यांचं काम. ती नीट बसली आहे की नाही हे तपासणं, ते मात्र तुमचं.

आधी जरा इतिहास. दाब भरलेलं, हातात धरता येणारं अग्निशामक इंग्लंडच्या जॉर्ज विल्यम मॅन्बी या गृहस्थाने १८१८ च्या सुमारास तयार केलं. म्हणजे इकडे पेशवाई संपली त्याच सुमारास! तांब्याचं भांडं, त्यात पोटॅशचं पाणी आणि वर दाबून भरलेली हवा. पुढे मोटारी आल्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी चालेना, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पाणी ओतलं की पेट्रोल जळत जळत वाहत जातं, आणि आग एका जागची चार जागी होते. मग १९१२ च्या आसपास मोटारींसाठी पितळी पिचकारीसारखं एक साधन निघालं. त्यात कार्बन टेट्राक्लोराइड नावाचा द्रव असे. आग विझे खरी, पण तापलेल्या लोखंडावर तो द्रव पडला की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होई. इलाजापेक्षा औषध भयंकर! ती पिचकारी आता फक्त जुन्या वस्तूंच्या संग्रहात दिसते. कोणाच्या आजोबांच्या पेटीत सापडलीच, तर बघा आणि परत ठेवून द्या.

आता आजच्या बाटलीकडे वळू. मोटारीत जळण्यासारखं काय काय असतं, ते मोजा पाहू. सीटचं कापड आणि फोम, टायरचं रबर, प्लॅस्टिक, ही झाली घन वस्तूंची आग. तिला 'ए' वर्ग म्हणतात. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल ही द्रवांची, तो 'बी' वर्ग. सीएनजी किंवा एलपीजीवरची गाडी असेल तर वायूची आग, तो 'सी' वर्ग. तिन्ही एकाच गाडीत! म्हणून मोटारीसाठी बाटली घ्यायची ती 'एबीसी' पावडरची. दुकानात 'बीसी' पावडरचीही मिळते. तिच्यात बहुतेक वेळा सोडियम बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपला खाण्याचा सोडाच. तो पेट्रोलच्या आगीवर चालतो, पण धुमसणाऱ्या सीटवर त्याचा जोर कमी पडतो.

आणि 'एबीसी' पावडरमध्ये काय असतं, सांगू? ऐकून केळीवाल्यांच्या पोरांना गंमत वाटेल. तिच्यात मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट असतं. तेच, जे आपण केळीला ठिबकमधून देतो! गोणीवर 'बारा एकसष्ट शून्य' लिहिलेलं असतं ना, ते हेच रसायन. आगीत पडलं की ते वितळतं आणि जळत्या वस्तूवर काचेसारखा चिकट थर धरतं, त्यामुळे तिला हवा मिळत नाही. शिवाय ज्योतीच्या आत जी जळण्याची साखळी एकसारखी चालू असते, ती ही पावडर मध्येच तोडते. पण म्हणून कोणी खताची गोणी आगीवर रिकामी करायला धावू नका हं! बाटलीतली पावडर अगदी मैद्यासारखी बारीक दळलेली असते, तिला ओल लागू नये म्हणून सिलिकॉनचा हात दिलेला असतो, आणि मागे दाब असतो म्हणून ती ढगासारखी उडते. खताचे खडे यातलं काही करणार नाहीत.

कार्बन डायॉक्साइडची बाटलीही चांगली असते, पण ती कारखान्याला, विजेच्या खोलीला. ती वजनाला जड, उघड्यावर वारा तिचा वायू उडवून नेतो, आणि काचा बंद असलेल्या गाडीत तोच वायू आपला श्वास कोंडतो. मागे काहीही सांडत नाही, अशा स्वच्छ वायूच्या बाटल्याही निघाल्या आहेत, पण त्यांची किंमत बरीच जास्त. साध्या गाडीला पावडर पुरे. आग विझल्यावर गाडी भस्म लावल्यासारखी पांढरी होईल, ते खरं. ती पावडर लवकर झाडून-पुसून काढावी लागते, नाहीतर ओल धरून धातूला खाते. पण गाडी धुता येते.

आकार कोणता? अर्धा किलोची छोटी बाटली दिसायला गोड असते, किमतीलाही. माझ्या मते ती गाडीसाठी अपुरी. एक किलोचीच बाटली सारी मिळून आठ-दहा सेकंद चालते. हो, सेकंद! मिनिटं नव्हेत. 'श्यामची आई' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा आठ-दहा वेळा मोजा, संपली बाटली. साध्या कारला एक किलो, जीप किंवा व्हॅनला दोन किलो घ्यावी. घेताना तीन गोष्टी बघा. बाटलीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६८३ हा क्रमांक. तयार झाल्याची तारीख. आणि तोंडाजवळचं गोल घड्याळ, म्हणजे दाब दाखवणारा काटा. काटा हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. ज्या बाटलीला काटाच नाही, ती स्वस्त असली तरी नको. आत दाब आहे की नुसती पावडर बसून आहे, हे कळायचं कसं?

खानदेशात आणखी एक गोष्ट वाचावी लागते. बाटलीवर ती किती तापमानापर्यंत चालते ते छापलेलं असतं. बऱ्याच बाटल्यांवर ५५ किंवा ६० अंश असतं. आपल्या भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश होतात. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हवा साठच्या पुढे जाते, आणि डॅशबोर्डला तर हात लावता येत नाही. म्हणून बाटली डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर कधीही नको. ती खाली, सावलीत हवी.

आता बसवायची कुठे? एक सोपा हिशोब करू. पाचवी-सहावीच्या मुलांनी वही घ्या. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आहे. म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. ती झाडावर आदळून थांबली. गाडी थांबली, पण आत सुटी पडलेली बाटली थांबत नाही. ती त्याच १४ मीटरच्या वेगाने पुढे जाते. एखादी वस्तू किती उंचीवरून टाकली म्हणजे खाली येताना एवढा वेग घेईल? जवळजवळ १० मीटर. म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून टाकलेली दीड-दोन किलोची लोखंडी बाटली! ती कोणाच्या डोक्यात बसली तर काय होईल, ते लिहायला नको. साध्या ब्रेकलाही ती घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पायट्याखाली अडकू शकते. मग ब्रेकच दाबता येत नाही. आग विझवायला ठेवलेली वस्तूच अपघात करायची. म्हणून सुटी बाटली सीटखाली टाकण्यापेक्षा ती नसलेली बरी, असं मी म्हणेन.

डिकीत ठेवली तर? लग्नाला निघालेल्या गाडीची डिकी आठवा. आहेराच्या पिशव्या, पातेली, वर आजीची वळकटी. त्याखाली कुठेतरी लाल बाटली. ती काढेपर्यंत मिनिट गेलं. शिवाय पुष्कळ गाड्यांत गॅसची टाकी तिथेच असते.

मला पटलेली जागा अशी: पुढची डावी सीट, जिथे ड्रायव्हरशेजारचा माणूस बसतो, तिच्या पुढच्या कडेखाली, आडवी. कारण ऐका. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, तेव्हा ड्रायव्हरचा डावा हात तिथे सहज पोहोचतो. खाली उतरलेला माणूसही डावं दार उघडून ती घेऊ शकतो. आणि आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावं दार उघडतं ते रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांपासून लांब.

उतरायचं कोणत्या बाजूने, याला हसू नका. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ काय झालं, ते घरी मोठ्यांना आठवत असेल. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, गाडी थांबली आणि घाबरलेल्या प्रवाशांनी खाली उड्या टाकल्या. काही जण शेजारच्या रुळांवर उतरले, आणि त्यावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. अनेक जण गेले. आग नव्हतीच. मोटारीतही पळायचं ते बघून, रस्त्याच्या कडेच्या बाजूने.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "आमची तर ओमनी आहे!" शाबास, हीच तर खरी मेख आहे. ओमनी आणि ईको या गाड्यांचं इंजिन पुढे बोनेटमध्ये नसतं, ते असतं पुढच्या सीटच्या खाली. तिथे बाटली बसवली तर जिथे आग, तिथेच अग्निशामक! ओमनीचं उत्पादन २०१९ साली बंद झालं, पण आपल्या भागात अजून कितीतरी ओमनी धावताना दिसतात. तिच्यात बाटली पुढच्या डाव्या सीटच्या पाठीमागे, सरकत्या दाराजवळ उभी बसवावी. म्हणजे दार सरकवलं की हाताशी आली. नॅनोचं आणखी वेगळं. तिचं इंजिन मागच्या सीटच्या मागे. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका कुटुंबाची कोरी करकरीत नॅनो घरी नेताना पेटली. धूर मागे, ड्रायव्हर पुढे, कळणार कसं? शेजारून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने हाक मारून सांगितलं, तेव्हा सगळे उतरले आणि वाचले. तेव्हा बाटली बसवण्याआधी घरच्या गाडीचं इंजिन कुठे आहे, पेट्रोलची टाकी कोणत्या बाजूला आहे आणि बॅटरी कुठे आहे, हे बाबांना दाखवायला सांगा. गंमत म्हणजे पुष्कळ बाबांनाही ते नीट माहीत नसतं.

बसवायची रीत आता मोठ्यांसाठी. बाटलीबरोबर बहुधा एक प्लॅस्टिकचा खोबणा मिळतो. तो घरच्या भिंतीला ठीक आहे. गाडीत उन्हाने तो मऊ पडतो आणि खड्ड्यांनी तडकतो. आपले रस्ते काही विचारू नका! लोखंडी पट्टीचा, खटक्याने बंद होणारा क्लँप घ्या. शक्यतो दोन पट्ट्यांचा. तो गालिच्यावर स्क्रूने ठोकायचा नाही, चिकटपट्टीने तर मुळीच नाही. गॅरेजवाल्या दादांकडून एक जाड लोखंडी पट्टी करून घ्यावी, ती सीटच्या लोखंडी सांगाड्याला किंवा रुळाला नट-बोल्टने घट्ट आवळावी आणि तिच्यावर क्लँप बसवावा. नटाखाली वायसर हवंच, नाहीतर हादऱ्यांनी नट महिनाभरात ढिला होतो.

गाडीच्या तळाला भोक पाडू नका. पत्र्याच्या खालून पेट्रोलची आणि ब्रेकच्या तेलाची नळी जाते, वरून गालिच्याखालून वायरिंग जातं. ड्रिलचं टोक कुठे निघेल ते वरून दिसत नाही. नव्या गाड्यांत सीटखाली पिवळ्या वेष्टनाच्या वायरी दिसतात. त्या एअरबॅगच्या. त्यांना हातसुद्धा लावायचा नाही, आणि बाटली त्यांच्यावर घासेल अशी बसवायची नाही. सीट पुढे-मागे सरकवून बघा, अडते का ते. बसणाऱ्याच्या टाचा बाटलीला लागतात का, तेही बघा. काटा वर, दिसेल असा ठेवा.

बसवून झाली, की परीक्षा. ही तुम्ही घ्यायची! गाडी अंगणात उभी, इंजिन बंद. चालवणाऱ्याला पट्टा लावून बसवा आणि डोळे मिटायला सांगा. "आग!" म्हणा आणि मोजायला लागा. पट्टा सोडून, खटका उघडून, बाटली हातात घेऊन खाली उतरायला किती आकडे लागले? दहाच्या आत झालं पाहिजे. आई गाडी चालवत असेल तर आईचीही परीक्षा घ्या, आजोबा चालवत असतील तर त्यांचीही. खटका एवढा घट्ट असेल की आजोबांना उघडतच नाही, तर तो बदलायला हवा. बाटलीची पिन मात्र कोणी ओढायची नाही.

खरी आग लागलीच तर काय करायचं, याचे चार शब्द पाठ करा: ओढा, रोखा, दाबा, झाडा. पिन ओढा. तोटी आगीच्या मुळावर रोखा, वर नाचणाऱ्या ज्वाळांवर नव्हे. मूठ दाबा. आणि अंगण झाडतो तशी तोटी डावीकडून उजवीकडे फिरवा. वारा पाठीवर घेऊन, दोन-तीन पावलं लांब उभं राहून. हे काम मोठ्या माणसाचं. आधी गाडी कडेला, इंजिन बंद, हँडब्रेक, सगळे खाली. मग बाटली.

बोनेटमधून धूर येत असेल तर एक चूक हमखास होते. माणूस घाईघाईने बोनेट सताड उघडतो. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळते आणि भडका थेट तोंडावर येतो. आतला खटका ओढला की बोनेट बोटभर उचललं जातं, तेवढंच पुरे. त्या फटीतून पावडर आत सोडायची. ज्वाळा बाजूंनी बाहेर पडत असतील, बोनेटला हात लागत नसेल, किंवा बाटली संपली आणि आग आहेच, तर विषय संपला. बाटली टाका आणि लांब व्हा. निदान शंभर फूट. ११२ ला फोन करा, गावाचं आणि रस्त्याचं नाव सांगा.

मुलांचं काम वेगळं. पट्टा सोडायचा, धाकट्या भावंडाचाही सोडायचा, डावीकडून उतरायचं, त्याचा हात धरून दूर जायचं आणि मागे फिरायचं नाही. दप्तरासाठी नाही, नव्या चपलेसाठी नाही.

दोन आगी अशा आहेत, ज्यांच्यापुढे ही बाटली नेऊच नये. एक गॅसची. २०२४ च्याच नोव्हेंबरमध्ये, त्या रुग्णवाहिकेच्या आठवडाभर आधी, जळगावात इच्छादेवी चौकाजवळ एका ओमनीत बेकायदा गॅस भरला जात होता. स्फोट झाला, दहा जण भाजले, आणि त्यांतले काही वाचले नाहीत. कुठे कोणी घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरताना दिसलं तर तिथे उभंही राहू नका, आणि आपली गाडी तिथे नेऊ देऊ नका. हट्ट करा, रडा, हवं तर रुसून बसा. गॅस गळत असताना नुसती ज्वाळा विझवली, तर न जळलेला गॅस साठत जातो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. व्हॉल्व बंद करता येत नसेल तर पळणंच शहाणपणाचं. दुसरी आग विजेच्या गाडीच्या बॅटरीची. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली होती. अशा बॅटरीत उष्णता आतल्या आतच तयार होते. वरून पावडर टाकून ज्वाळा दबली तरी ती पुन्हा पेटते. अग्निशमन दलाला तिथे भरपूर पाणी लागतं.

आणि आग लागूच नये म्हणून? उंदराने कुरतडलेली वायर, बाहेरून जोडलेले जादा दिवे आणि भोंगे, उन्हात राहिलेला अत्तराचा डबा किंवा लायटर, ही नेहमीची कारणं. आपल्या भागातलं एक खास कारण आहे. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेलं पीक, किंवा शेताच्या बांधावर वाळलेला केळीचा पाला. गाडी त्यावरून गेली की पाला खाली अडकतो, सायलेन्सर तापलेला असतो, आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर वास येतो. असा रस्ता ओलांडल्यावर एकदा थांबून खाली वाकून बघायला मुलांइतकं लवचिक कोण असतं?

खासगी मोटारीत अग्निशामक ठेवण्याची आपल्या देशात सक्ती नाही. बेल्जियम, पोलंड या देशांत ती आहे. पण शाळेच्या बसची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ साली नियमावली आली, आणि तिच्याप्रमाणे बसमध्ये अग्निशामक असायलाच हवं. पालकांनो, ते नुसतं आहे का एवढंच बघू नका. काटा हिरव्यात आहे का, आणि बसच्या काकांना ते क्लँपमधून काढता येतं का, हे एकदा सकाळी विचारा. ते रागावणार नाहीत. त्यांचीही पोरं शाळेत जातात.

देखभाल फार नाही. गाडीच्या हादऱ्यांनी आतली पावडर खाली घट्ट बसते, चुन्याच्या डब्यासारखी. म्हणून महिन्यातून एकदा बाटली काढून उलटी करायची आणि दोन-चार वेळा हलवायची. कधी करायचं ते लक्षात राहत नाही ना? पुष्कळ घरी अमावास्येला गाडीची लिंबू-मिरची बदलतात. त्याच दिवशी बाटली हलवा आणि काटा बघा, दोन्ही कामं होतील. वर्षातून एकदा नीट तपासणी करायची, त्याला १४ एप्रिल उत्तम. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. त्याच दिवशी १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान गेले. म्हणून तो देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. शिवाय आपलं खरं ऊन त्यानंतरच सुरू होतं.

बाटली एकदा दाबली, मग ती एक सेकंद का दाबलेली असेना, ती पुन्हा क्लँपमध्ये ठेवायची नाही. पावडरचे कण व्हॉल्वमध्ये अडकतात, दाब हळूहळू निघून जातो, आणि आठवड्याने काटा लाल पट्ट्यात दिसतो. ती भरून आणावी लागते. मुदत संपलेली बाटली भरायला नेण्याआधी मोठ्या माणसाला ती मोकळ्या मैदानात, वारा पाठीवर घेऊन, रिकामी करायला सांगा. तुम्ही लांब उभे राहा आणि मोठ्याने मोजा. आठ म्हणेपर्यंत पांढरा ढग निघेल आणि तोटीतून नुसता फुस्स आवाज येईल. कपडे मात्र जुने घाला, नाहीतर आई मला बोल लावेल.